हे पाय तिचे नाहीत

शिल्पकार बाईंची एक पद्धत होती. पुतळा धातूत ओतायला देण्याआधी, माती ओली आहे तोवर, ज्याचा पुतळा त्याच्या घरातल्या कुणीतरी येऊन तो पाहायचा, हवं तर हात लावायचा आणि हो म्हणायचं. हो आल्याशिवाय त्या साचा काढत नसत. अध्यक्षांनी मला फोनवर हे समजावून सांगितलं आणि वर म्हणाले, "तेवढं एक हो म्हणून टाका. पुढचं सगळं आम्ही बघतो."

मी गेलो. बाई जिथं काम करत ते पूर्वीचं गाड्यांचं गॅरेज होतं. फरशीवर तेलाचे जुने डाग तसेच होते. ते बघून मला जरा बरं वाटलं, कारण मी जन्मभर बस चालवली. अध्यक्ष ज्या व्हॉलीबॉल क्लबचे अध्यक्ष आहेत, त्याच क्लबच्या बायकांच्या संघाची बस. माझी बायको त्या संघात खेळायची. ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. क्लबनं नवीन हॉल बांधला होता आणि त्याच्या दारात तिचा पुतळा उभा करायचं ठरवलं होतं. ठरवलं याचा मला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू.

अध्यक्ष आधीच येऊन थांबले होते. बाईंनी ओलं कापड वरून खाली सोडवत आणलं. तोंड बरोबर होतं. उडी मारताना ती खालचा ओठ दातांत धरायची, तो तसाच धरलेला होता. उजवा हात मागे खेचलेला, डावा चेंडूच्या दिशेनं वर गेलेला. खांदे बरोबर. कंबर बरोबर. मग कापड खाली उतरलं आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

"हे पाय तिचे नाहीत," मी म्हणालो.

अध्यक्ष हसले. "अहो, फोटोवरूनच केलंय. फायनलचा तो फोटो. तुमच्याही घरात लावलेला आहे."

"घरात आहे म्हणूनच सांगतोय."

बाई कापडाचं पाणी बादलीत पिळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पहिल्यांदा फोटोसारखेच केले होते. मग दोनदा पायांवरची माती उतरवायला लावली."

"थोडीशी," अध्यक्ष म्हणाले. "दार आहे हो ते. रोज शेकडो लहान मुली तिथून आत जाणार. बघायला सुबक हवं. कलेत एवढं चालतं."

मी पुतळ्याच्या बाजूनं फिरून मागे गेलो. मागूनही तेच. दोन काठ्या लावल्यासारखे पाय. वरचं शरीर एका बाईचं आणि खालचं दुसऱ्याच कुणाचं तरी.

"मी हो म्हणणार नाही," मी म्हणालो.

"भाऊ, तुम्ही बसा जरा. पाणी घ्या."

"पाणी नको. पाय हवेत."

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून तिचं सगळं सांगायला हवं.

ती क्लबात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. स्मॅश मारणारी म्हणून घेतली, पण उंचीनं नेटजवळ शोभेल अशी नव्हती. समोरच्या संघाच्या पोरी तिच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारायच्या. पहिला स्मॅश पडेपर्यंत. उंची नव्हती, पण उडी होती. वर जायची आणि वर गेल्यावर तिथंच थोडी रेंगाळायची, वरती काही काम असल्यासारखी. ती उडी त्या मांड्यांतून यायची. क्लबकडून मिळणारी चड्डी तिला मांडीत बसायची नाही. पहिल्याच प्रवासात तिनं बसमध्ये मागच्या सीटवर बसून कात्रीनं दोन्ही बाजूंची शिवण उसवली. पुढच्या सामन्याला सगळ्या संघानं तशीच उसवली. एकटीचीच फाटकी दिसायला नको म्हणून.

दुसऱ्या वर्षी तिचा घोटा मोडला. बरा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, उड्या बंद, सायकल मारा. क्लबच्या तळघरात एक जागेवरच फिरणारी सायकल होती, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. चार दिवस भिंत बघितल्यावर ती उठली आणि शहराच्या पलीकडच्या टोकाला सायकल शर्यतींचा ट्रॅक होता तिथं गेली. लाकडी फळ्यांचा, परातीच्या कडेसारखा कलता. तिथले कोच म्हातारे होते. घडीच्या खुर्चीत बसून असायचे. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी तिला फेऱ्या मारताना पाहिलं, खुर्चीतून उठले, आणि म्हणे ते उठले म्हणून बाकीचे सायकलवाले थांबले. तिला म्हणाले, "पोरी, तुझ्या पायांचा धंदा कोणता ते त्यांना कुणी सांगितलंच नाही का?"

घोटा बरा झाला, पण ती ट्रॅक सोडेना. दोन वर्षांत सायकलच्या एका संघानंही तिला करारावर घेतलं. हिवाळाभर व्हॉलीबॉल, उन्हाळाभर सायकल. दोन्हीकडे पगारी खेळाडू. असं आधी कुणी केलं नव्हतं, निदान आमच्याकडे तरी.

आत्ताचे अध्यक्ष तेव्हा संघाचे मॅनेजर होते. केस काळे होते आणि गळ्यात शिट्टी असायची. ती त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही. त्यांनी तिला बसच्या दाराशीच गाठलं. मी आरसा पुसत होतो.

"एक ना धड, भाराभर चिंध्या होतील तुझ्या," ते म्हणाले. "दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो."

"दगड दोन आहेत," ती म्हणाली, "आणि पायही दोनच आहेत की माझे. एक रिकामा कशाला ठेवू?"

मला हसू आलं. मॅनेजर साहेबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग मी आरसा जरा जास्तच जोरात पुसला.

माझ्याशी ती पहिल्यांदा बोलली ती सायकलवरूनच. दूरच्या गावी सामना होता आणि तिथून परस्पर शर्यतीला जायचं होतं. "ड्रायव्हरदादा, खाली सामानात सायकल मावेल का?"

"मावेल. पण मॅनेजर साहेबांच्या बॅगेवर ठेवावी लागेल."

"मग तर नक्कीच ठेवा."

लग्न झाल्यावर मी तिला चिडवायचो, की तू मला आधी दादा म्हणाली होतीस. ती म्हणायची, तेव्हा मला नवऱ्याची नाही, सायकलला जागेची गरज होती.

हॉलमध्ये तिला सायकलवाली म्हणत आणि ट्रॅकवर चेंडूवाली. दोन्हीकडे ती पाहुणीच. हॉलमध्ये एखादा चेंडू चुकला की प्रेक्षकांतून आवाज यायचा, "बाई, घंटी वाजव." ट्रॅकवर हरली की म्हणायचे, "खांदे काढून ठेव, जड होतायत." खरंच खांदे रुंद होते तिचे. सायकलवाल्या सडपातळ पोरींच्या मध्ये ती कपाटासारखी दिसायची. मी घरी तिला नुसतं अगं म्हणायचो. ते एकच नाव तिला कुठल्या खेळावरून पडलेलं नव्हतं.

ट्रॅकवरची तिची शर्यत दोघींचीच असायची. त्यात गंमत अशी, की जी मागे असते तिचा फायदा. पुढची वारा कापते, मागची तिच्या आडोशाला राहते आणि शेवटच्या वळणावर बाहेर पडते. म्हणून सुरुवातीला कुणीच पुढे जायला तयार नसतं. सायकलला ब्रेक नसतो, पायडल मोकळं फिरत नाही, आणि तरी दोघी त्या उतारावर सायकल उभी करतात. पाय पायडलवर, चाक वरच्या अंगाला वळवलेलं, आणि थांबायचं. जी आधी हलेल ती पुढे गेली. आता त्याला वेळेची मर्यादा आहे म्हणे. तेव्हा नव्हती.

राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या शर्यतीत समोर जुनी विजेती होती. तीन वर्षं हरली नव्हती. दोघी वरच्या कडेला गेल्या आणि थांबल्या. मी ट्रॅकच्या आत, काकांच्या खुर्चीमागे उभा होतो. लोक आधी गप्प होते, मग खोकायला लागले, मग ओरडायला लागले. कुणीतरी म्हणालं, "चेंडूवाली, कुणी सर्व्हिस करायची वाट बघतेस?" सगळे हसले. तिच्या मांड्या थरथरत होत्या, ते मला खालून दिसत होतं. थरथरत होत्या, पण सायकल तसूभर हलत नव्हती. मी काकांना म्हटलं, "काका, ती पडेल."

"गप बस," काका म्हणाले. "हे तिला कुणी शिकवलेलं नाही. हट्ट आहे हा. त्याला पडणं माहीत नसतं."

विजेतीच आधी हलली. खाली उतरली आणि पळाली, आणि पुढचं मी नीट पाहिलंच नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा काका खुर्चीवर चढून उभे होते. पुढच्या वर्षी ती पुन्हा जिंकली. दोन वेळा राष्ट्रीय विजेती. आणि त्याच हिवाळ्यात क्लबची ती फायनल.

फायनलला पाचवा सेट. ती मागच्या ओळीत होती. मागच्या ओळीतल्या खेळाडूला नेटजवळून मारता येत नाही, रेषेच्या मागूनच उडावं लागतं. समोर दोन उंच पोरी हात वर करून उभ्या होत्या. ती रेषेमागून उडाली आणि त्या दोघींच्या बोटांवरून चेंडू पलीकडे पडला. तो फोटो. हॉलमधल्या लोकांनी तिला त्या दिवशी खांद्यावर घेतलं. मॅनेजर साहेबांनी कप डोक्यावर धरला आणि वार्ताहरांना सांगितलं, "आमच्या मेहनतीचं फळ." सायकलचं नाव कुणी काढलं नाही. ती उडी आली कुठून, हेही कुणी विचारलं नाही. दोन उन्हाळे त्या कलत्या फळ्यांवर तिनं काय केलं होतं ते मी पाहिलं होतं. घरी आल्यावर जिना चढायला तिला माझा हात लागायचा.

गॅरेजमध्ये मी अध्यक्षांना म्हटलं, "साहेब, हे पाय कापले तर ती उडी कुठून मारतेय?"

"सायकल हा तिचा छंद होता हो. चांगला छंद होता, मी नाही म्हणत नाही. पण हॉल व्हॉलीबॉलचा आहे."

"छंदाला कुणी पगार देतं का?"

"तुम्ही दुःखात आहात," ते म्हणाले. अगदी मऊ आवाजात म्हणाले. ती गेली तेव्हा ते आले होते, खूप रडले होते, हेही मी विसरलेलो नाही. म्हणून मी उलट बोललो नाही. ते गाडीत बसून गेले. जाताना बाईंना म्हणाले, "दोन-चार दिवसांत ते शांत होतील."

मी तिथंच थांबलो. बाई फवारणीच्या बाटलीनं मातीवर पाणी मारत होत्या. म्हणाल्या, "आधीचे ठेवायला हवे होते मी. चूक माझीही आहे."

"बाई, तुम्हाला एक सांगतो," मी म्हणालो. "हे पाय अगदीच खोटे नाहीत. हे मी पाहिलेत."

त्यांनी बाटली खाली ठेवली.

"शेवटी शेवटी दवाखान्यात तिचे असेच झाले होते. आजारानं आधी मांड्याच खाल्ल्या. मी पायाला तेल लावायचो तर हातात काहीच यायचं नाही. एकदा ती म्हणाली, आता क्लबची चड्डी बसेल बघ मला. तुम्ही वर तिचं तोंड केलंय फायनलचं, आणि खाली पाय दिलेत खाटेवरचे. ते पाय दाराशी उभे करून मी रोज तिथून कसा जाऊ?"

ओलं कापड घेऊन बाईंनी पुतळा खालून वर गुंडाळला. आधी पाय झाकले.

घरी आलो तर मुलगी आलेली होती. आमची एकुलती एक. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. खेळाच्या वाटेला ती कधी गेली नाही. आईच्या शर्यतीला आली तरी पुस्तक घेऊन बसायची. तिनं चहा टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अध्यक्षांचा फोन आला होता. बाबांना समजव म्हणाले."

"मग समजव."

"बाबा, जाऊ द्या ना. पुतळा होतोय हे काय कमी आहे? लोक काय मांड्या मोजायला येणार आहेत?"

"मोजायला नाही येणार. पण सायकलनं कमावलेले पाय तिचे, ते काढून टाकायचा हक्क यांना कुणी दिला? अर्धी बायको उभी करतायत माझी."

ती गाळणं हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "सायकलनं नाही कमावले."

"काय?"

"आईचे पाय. सायकलच्या आधीपासूनच तसे होते. तुम्हीच सांगता ना, पहिल्याच वर्षी चड्डी उसवली म्हणून. आजीचे, आईच्या आईचे, तसेच होते, ती तर घराबाहेरही फारशी पडली नाही." तिनं चहा गाळला. "आणि माझे तसेच आहेत. तुमच्या लक्षात तरी आलंय का कधी?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती कायम घोळदार, घोट्यापर्यंतचे कपडे घालते. मला वाटायचं तिला तेच आवडतात.

"शाळेत मला खांब म्हणायचे," ती म्हणाली. "पळायच्या शर्यतीत सगळ्यात शेवटी आले की पीटीच्या बाई म्हणायच्या, अगं, तू तिची मुलगी ना? एवढे पाय काय शोभेला दिलेत? आईला सांगितलं तर आई म्हणाली, त्यांना सांग, हो, शोभेलाच दिलेत."

"मग तू सांगितलंस?"

"नाही. तिला जमायचं ते. मला नाही जमलं." तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "कुणी कापायला सांगितले ते?"

"क्लबच्या कमिटीनं. सुबक दिसत नाहीत म्हणाले."

"असं म्हणाले?"

"लहान मुली बघणार म्हणे."

ती खुर्चीत बसली. चहा पिऊन झाला तरी बसूनच होती. नंतर विचारलं, "आईच्या सायकलच्या काळ्या चड्ड्या कुठं आहेत? टाकल्या नाहीत ना तुम्ही?"

"तिचं काहीच टाकलेलं नाही मी," मी म्हणालो.

पुढच्या वेळी बाईंनी मला आणि अध्यक्षांना एकाच वेळी बोलावलं. बरोबर मुलगी आली. घोळदार घागरा, अंगात जाड स्वेटर. अध्यक्षांनी तिला लहानपणी कडेवर घेतलेलं. त्यांना बरं वाटलं. "ये बाळ. तू तरी सांग यांना. हट्टाला पेटलेत."

"अध्यक्षकाका, तुम्ही मला सांगा आधी," ती म्हणाली. "पाय का बारीक केले?"

"अगं, आता तुला काय सांगू. पुतळा म्हटला की लोक नावं ठेवतात. उद्या कुणी हसलं तर आपल्यालाच वाईट वाटणार. शिवाय आईबाप मुलींना घेऊन येतात हॉलमध्ये. त्यांना वाटायला नको, की खेळलं की मुलीचे पाय असे होतात."

"माझे तर न खेळताच झाले," ती म्हणाली.

तिनं घागऱ्याची नाडी सोडली आणि तो खाली पडू दिला. आत तिच्या आईची काळी चड्डी होती, मांडीला घट्ट बसलेली, बाजूला संघाचा पिवळा पट्टा. घागरा तिनं पायानंच बाजूला सारला आणि बाईंना म्हणाली, "कुठं उभी राहू?"

बाईंनी कोपऱ्यातलं लाकडी खोकं ओढलं. ती त्यावर चढली.

मी बघत राहिलो. बापानं मुलीकडे असं बघू नये, पण मी बघत होतो. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूनं येणारा तो फुगवटा, मागची ती दोरीसारखी ताणलेली शीर, सगळं तिथंच होतं. मातीत जे नव्हतं ते सगळं खोक्यावर उभं होतं. वर्षभरात पहिल्यांदा मला वाटलं, की ती पुरती गेलेली नाही. मी खिडकीकडे तोंड केलं.

"बाळ, कपडे घाल," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी भिंतीकडे बघायला सुरुवात केली होती. "तमाशा कशाला करतेस?"

"तमाशा काय त्यात? आई अशाच चड्डीत तुमच्यासमोर शेकडो वेळा उभी राहिली असेल."

"ते मैदानात."

"मग हेही मैदानच समजा."

बाई हसल्या. पहिल्यांदाच हसल्या त्या. त्यांनी लोखंडाचं एक वाकडं माप आणलं, खेकड्याच्या नांगीसारखं, आणि तिच्या मांडीला लावलं. मग तसंच उचलून पुतळ्याच्या मांडीला लावलं. नांगीच्या दोन टोकांमध्ये आणि मातीमध्ये मोकळी जागा राहिली. माझी मूठ आत गेली असती.

"एक पाय वाकव," बाई तिला म्हणाल्या. "उडी मारायच्या आधी वाकवतात तसा."

"मला नाही येत उडी मारता."

"मला तरी कुठं येते? वाकव नुसता."

तिनं वाकवला. बाईंनी पिंपातून मातीचा गोळा काढला, तळहातावर आपटला आणि पुतळ्याच्या पायावर थापला. मग दुसरा. हात भराभर चालत होते. मला म्हणाल्या, "नुसते उभे काय राहता? गोळे करून द्या." मी बाह्या सारल्या. माती गार होती आणि जड होती, आणि हातात भरपूर येत होती.

अध्यक्ष भिंतीकडेच तोंड करून उभे होते. शेवटी म्हणाले, "बाई, पुतळा क्लबनं सांगितलेला आहे. हे असं परस्पर बदलता येणार नाही."

"ओतेपर्यंत माती माझी असते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नको असेल तर नेऊ नका."

"मग कुठं ठेवणार तुम्ही हा?"

"इथं दारात ठेवीन. गाड्या दुरुस्त व्हायच्या तेव्हा इथं टायरांची चळत असायची म्हणे. त्यापेक्षा हा बरा."

"नाहीतर ट्रॅकवर नेऊ," मी म्हणालो. "पण साहेब, मला विचाराल तर हॉलच्याच दारात हवा. तिनं तुम्हाला कप आणून दिलाय. ती तिथलीच आहे. पण ती सगळीच्या सगळी तिथली आहे. तुम्ही तिला जिवंतपणी सांगितलंत, एक काहीतरी निवड. तिनं निवडलं नाही. आता ती बोलत नाही म्हणून तुम्ही तिच्या वतीनं निवडणार, ते मी चालू देणार नाही. मला दुःख झालंय म्हणून म्हणत नाही हे. दुःख नसतं तरी हेच म्हणालो असतो."

एवढं मी जन्मात कधी त्यांच्याशी बोललो नव्हतो. बस चालवताना बोलायची सवय राहत नाही.

ते भिंतीकडून वळले. माझ्या मुलीकडे त्यांनी बघितलं नाही, पुतळ्याकडे बघितलं. एक मांडी भरत आली होती, दुसरी तशीच काठी होती. दोन्ही शेजारी शेजारी असल्यामुळे फरक आंधळ्यालाही दिसला असता. "कमिटीशी बोलावं लागेल," ते म्हणाले आणि गेले. जाताना दार मात्र हळू लावलं.

मुलीचा पाय भरून आला होता. "बदलू का?" तिनं विचारलं.

"थरथरतोय का?"

"हो."

"मग तसाच ठेव," बाई म्हणाल्या. "आत्ता चांगला दिसतोय."

संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय झाले. बाईंनी मला पुढे केलं. मी गुडघ्याच्या मागे हात लावला, मग मांडीला. हात पुरला नाही. मी हो म्हणालो. मुलीनं घागरा घडी करून पिशवीत टाकला आणि तशीच, चड्डीवर स्वेटर घालून, माझ्याबरोबर रस्त्यानं चालत घरी आली. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन पोरं कुजबुजली. ती थांबली आणि त्यांना म्हणाली, "काय? चष्मा लागलाय का? उद्या दुकानात या, तपासून देते." आणि पुढे चालायला लागली.

अध्यक्षांचा फोन त्या आठवड्यात आला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. ते म्हणाले, कमिटीत दोन मतं पडली, पण संघाच्या मुलींनी येऊन सांगितलं, की पुतळा आहे तसा नसेल तर त्या उद्घाटनाला येणार नाहीत. कुणी सांगितलं होतं त्यांना, ते मी विचारलं नाही. तेव्हा पाय राहू द्या, असं ठरलं.

"बरं केलंत," मी म्हणालो.

"आता पाटीचं तेवढं. व्हॉलीबॉलपटू असं लिहितोय आम्ही."

"आणि सायकल?"

"अहो, आता तुमचं ऐकलं ना सगळं. पाटी लहान आहे. वर क्लबचं नाव, खाली कमिटीतल्या सगळ्यांची नावं, उद्घाटकांचं नाव. दोन ओळी जास्त बसत नाहीत. जागाच नाही."

मी ओला टॉवेल तारेवर टाकला आणि चिमटा लावला.

"मग अक्षरं बारीक करा," मी म्हणालो. "तुमच्या नावांपासून सुरुवात करा."